खाऱ्या पाण्याच्या टाकीवरील कॅनोपीसाठी न गंजणारे सामान कसे निवडावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका घरात चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी प्रवाळांची टाकी आहे आणि तिच्यावर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या, म्हणजे मरीन) प्लायची कॅनोपी, म्हणजे दिवे सामावणारी झाकणाची पेटी, घरीच बांधलेली आहे. दुकानातून ‘एसएस’ म्हणून आणलेल्या बिजागऱ्या आणि स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात तांबूस झाले, आणि एका बिजागरीखालून तपकिरी ओघळ आतल्या बाजूने पाण्याच्या दिशेने उतरू लागला. आता त्या जागी पितळ वापरावे, ३१६ दर्जाचे स्टेनलेस वापरावे की प्लास्टिक वापरावे, आणि हा गंज पाण्यात पडल्यास प्रवाळांना धोका आहे का, असे विचारले आहे.

पितळ मुळीच वापरू नये. धातू जिथे अपरिहार्य आहे तिथे ३१६ दर्जाचे स्टेनलेस वापरावे. मात्र ‘कोणता धातू’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ‘कॅनोपीच्या आत धातू किती आणि नेमका कुठे’ हा पहिला, कारण तिथे कोणतेही स्टेनलेस कायमचे निर्धास्त राहत नाही. सामान निवडताना मी प्रत्येक वस्तूबाबत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतो: ती किती काळ टिकेल, आणि ती खराब होऊ लागली की पाण्यात काय सोडेल. या दोन निकषांवर धातूंचा क्रम एकसारखा लागत नाही, आणि चुकीची निवड बहुधा पहिलाच निकष पाहिल्यामुळे होते.

कॅनोपीच्या आतली हवा ही नुसती दमट हवा नसते. समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले सुमारे १९ ग्रॅम एकटे क्लोराइड असते. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते, त्यामुळे निव्वळ बाष्पीभवनाने बिजागरीवर मीठ पोहोचत नाही. ते पोहोचवतात बुडबुडे. ओव्हरफ्लोमध्ये (टाकीतले पाणी खाली फिल्टरकडे नेणाऱ्या कप्प्यात) कोसळणारे पाणी, परतीच्या नळीतून सुटणारी हवा, स्किमरमधून (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या उपकरणातून) निसटणारे सूक्ष्म बुडबुडे हे सर्व पृष्ठभागावर फुटतात तेव्हा प्रत्येक फुटण्यात पाण्याचे बारीक थेंब वर फेकले जातात. मोठे थेंब वीतभर उंचीपर्यंत उडून खाली पडतात, तर अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात आणि झाकणाच्या आतल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. काचेच्या कडेवर चढत जाणारे पांढरे पापुद्रे आपल्याला दिसतात. बिजागरीच्या सांध्यात बसलेला हाच थर दिसत नाही.

हा थर वाळत का नाही, हे समजून घेतले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. शुद्ध सोडियम क्लोराइडला साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर पाणी सुटते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी सुटू लागते. म्हणून समुद्री मिठाचा थर वरून कोरडा वाटला तरी त्यात ओलसर, अतिशय तीव्र क्षारद्रव टिकून असते. ठाणे, मुंबई किंवा रत्नागिरीत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, तेव्हा बाहेरच्या स्क्रूवर पडलेले मीठही पाझरू लागते. पुणे किंवा नागपूर येथील उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत बाहेरचे सामान बरेच सुरक्षित असते, पण कॅनोपीच्या आत तिथेही हवा दमटच असते. समुद्रकाठच्या घरातल्या खिडक्यांच्या गजांना निदान पाऊस धुऊन काढतो, कॅनोपीच्या आतल्या बिजागरीला ते कधीच मिळत नाही. किनाऱ्यावरच्या इमारतींमध्येही स्टेनलेसवर तपकिरी डाग आधी पडतात ते छज्जाखालच्या, पावसाने न धुतल्या जाणाऱ्या भागांवर. कॅनोपीचा आतला भाग हा असाच कायमस्वरूपी आडोसा आहे.

आता स्टेनलेसकडे वळू. या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, आणि त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागावर आपोआप तयार होऊन पोलादाचे रक्षण करतो. ओरखडा पडला तर हवेतील ऑक्सिजन मिळताच हा थर पुन्हा जुळून येतो. क्लोराइड या थराला जागोजाग भेदते, आणि जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे, म्हणजे स्क्रूच्या माथ्याखाली, वॉशरच्या खाली, बिजागरीच्या नळीत, मिठाच्या पापुद्र्याखाली, तुटलेला थर पुन्हा जुळत नाही. म्हणूनच स्टेनलेस साध्या लोखंडासारखे सर्वांगाने गंजत नाही. त्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात किंवा फटीत गंज लागतो, आणि वरून चकचकीत दिसणारा स्क्रू आत मानेपाशी अर्धा खाल्लेला निघतो.

३०४ दर्जात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल थोडे जास्त असते आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि क्लोराइडपुढे टिकण्याची त्याची क्षमता प्रामुख्याने या मॉलिब्डेनममुळे येते. खड्डे पडण्याला होणारा प्रतिकार मोजण्यासाठी एक अंक वापरतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. ३०४ साठी हा अंक १८-१९ च्या आसपास येतो आणि ३१६ साठी २४-२५ च्या आसपास. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहणाऱ्या स्टेनलेसकडून मात्र ४० किंवा त्याहून अधिकची अपेक्षा असते. यावरून ३१६ चे स्थान नीट कळते. ते ३०४ पेक्षा निश्चितच सरस आहे, पण पाण्याखाली किंवा सतत उडणाऱ्या थेंबांत ठेवण्याजोगे नाही.

तुमच्या बिजागऱ्या ज्या वेगाने तांबूस झाल्या, त्यावरून त्या ३०४ सुद्धा नसाव्यात असे मला वाटते. आपल्या बाजारात फर्निचरचे जे सामान केवळ ‘एसएस’ म्हणून विकले जाते, त्यातले पुष्कळसे २०० मालिकेचे, बहुधा २०२ दर्जाचे असते. त्यात महागड्या निकेलचा मोठा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि क्रोमियमही कमी असते. घरातल्या कोरड्या कपाटासाठी ते ठीक आहे, खाऱ्या टाकीच्या जवळपास नाही. इथे चुंबक लावून पाहण्याच्या पद्धतीवर विसंबू नये. ३१६ ला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण ते ३०४ ला आणि २०२ लाही चिकटत नाही, आणि थंड अवस्थेत घडवलेल्या ३०४ च्या स्क्रूला मात्र थोडासा चिकटतो. चुंबक जोरात चिकटला तर वस्तू नाकारावी, एवढाच निष्कर्ष काढता येतो. न चिकटल्यास काहीच सिद्ध होत नाही.

दर्जा ओळखण्याच्या दोन भरवशाच्या वाटा आहेत. बोल्ट आणि नट घ्यायचे असतील तर बोल्टच्या माथ्यावर ‘ए४’ हे चिन्ह पाहावे. ए४-७० किंवा ए४-८० असे कोरलेले असेल तर तो ३१६ च्या वर्गातला असतो, तर ए२ म्हणजे ३०४ चा वर्ग. बारीक लाकडी स्क्रूंवर असे चिन्ह सहसा नसते, म्हणून तिथे दुसरी वाट: स्टेनलेसच्या व्यापाऱ्यांकडे मॉलिब्डेनम ओळखण्याचे द्रावण आणि छोटी बॅटरी असते, थेंब टाकून प्रवाह दिला की मॉलिब्डेनम असल्यास रंग बदलतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात केवळ नट-बोल्ट विकणारी दुकाने आहेत, आणि असा माल कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानापेक्षा अशा ठिकाणी दर्जा सांगून, बिलावर ३१६ लिहून घेऊन आणावा. बिजागरीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. पत्रा ३१६ चा आणि आतली पिन ३०४ ची किंवा साध्या पोलादाची, असे पुष्कळदा असते. पाती, पिन आणि सोबत दिलेले स्क्रू हे तीन वेगळे पदार्थ समजून तिन्हींची तपासणी करावी. कपाटाच्या दारांना सुतार ज्या वाटीच्या ऑटो-हिंज बसवतात, त्यांचा विचारच करू नये. त्यांत स्प्रिंग, रिव्हेट, तरफा आणि असंख्य फटी असतात, आणि बाहेरचा पत्रा कितीही चांगला असला तरी आतली स्प्रिंग आधी तुटते.

३१६ मिळाले तरी ते कसे हाताळले जाते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ज्या ग्राइंडरवर किंवा कानसीवर आधी लोखंड घासले आहे, तिनेच स्टेनलेस कापले तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि काही आठवड्यांत तिथे तांबडे ठिपके उमटतात. मग माणूस ३१६ ला दोष देतो. स्टेनलेससाठी कापणीची चकती, तारेचा ब्रश आणि पॉलिशपेपर वेगळे ठेवावेत, लोखंडी काथ्याने ते कधी घासू नये. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके मीठ कमी धरले जाते, म्हणून रेषारेषांच्या ब्रश्ड फिनिशपेक्षा आरशासारखे पॉलिश निवडावे. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

आता पितळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘पितळ गंजत नाही’ हा समज अनेकांचा आहे आणि त्याचे परिणाम सर्वांत गंभीर आहेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. क्षारयुक्त ओलाव्यात त्यातील जस्त हळूहळू विरघळून निघून जाते आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते, म्हणजे टिकाऊपणाच्या निकषावरही ते समजतात तेवढे चांगले नाही. परंतु खरा आक्षेप दुसऱ्या निकषावर आहे. सागरी माशांवरील परजीवी मारण्यासाठी वेगळ्या टाकीत तांब्याचे औषध देतात, ते साधारण लिटरमागे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम या पातळीला. एवढेच तांबे कोळंबी, शंख-शिंपले, समुद्री पुष्पे आणि प्रवाळ यांना मारक ठरते, आणि त्याहून बऱ्याच कमी पातळीलाही त्यांना त्रास होतो. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात तांबे याच्या कितीतरी पट कमी असते. पितळी बिजागरीवर जमणारी हिरवट पूड म्हणजे तांब्याची संयुगे होत. ती दमट हवेत घामासारखी पाझरून थेंबाथेंबाने पाण्यात उतरते, टाकीतल्या दगडांत आणि वाळूत साठते, आणि तिथून पुन्हा हळूहळू सुटत राहते. कांसे टिकाऊपणात पितळाहून पुष्कळ चांगले आहे, जहाजांवर ते आदराने वापरले जाते, पण तेही तांब्याचेच असल्यामुळे प्रवाळांच्या टाकीवर त्याला जागा नाही.

तांबे आपण न बोलावताही घरात येते, त्यामुळे या जागा लक्षात ठेवाव्यात. चकचकीत क्रोम चढवलेल्या पुष्कळ वस्तू आतून पितळेच्या असतात. लाकडात किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या भागांत बसवायच्या आटेदार पुंगळ्या जवळजवळ नेहमी पितळी असतात. नट-बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या एका प्रकारच्या ग्रीसमध्ये तांब्याची भुकटी असते, तिच्या तांबूस रंगावरून ती ओळखता येते. बोटींच्या तळाला लावायचा रंग समुद्री जीव चिकटू नयेत म्हणूनच तांबेयुक्त केलेला असतो, त्यामुळे ‘समुद्रासाठीचा रंग’ हे नाव वाचून तो कॅनोपीला लावणे म्हणजे टाकीवर विष ठेवणे होय. मरीन प्लायलाही कीडरोधक प्रक्रिया केलेली असते आणि अशा रसायनांत तांब्याची संयुगे असू शकतात, म्हणून प्लायच्या कापलेल्या कडांसह आतला सर्व भाग इपॉक्सीने पूर्ण बंद करणे मी आवश्यक मानतो.

याच्या तुलनेत तुमच्या बिजागरीखालचा तपकिरी ओघळ कमी घातक आहे. त्यात मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइड आहे, तो पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि लोह हे शैवालाचे पोषणद्रव्य असल्यामुळे त्याचा दिसणारा परिणाम बहुधा शैवाल वाढण्यापुरता राहतो. स्टेनलेसमधून त्यासोबत निकेल आणि क्रोमियमही अल्प प्रमाणात येतात, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये, पण रातोरात प्रवाळ मरतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू, पिवळसर झाक असलेले चिपबोर्ड स्क्रू, जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू, झिंक अलॉयची हँडले आणि पावडर कोटिंग केलेले लोखंडी अँगल यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. मुलामा हा एक तर स्वतः झिजून रक्षण करतो, म्हणजे जस्त पाण्यात जाते आणि तेही अपृष्ठवंशी जीवांना अपायकारक आहे, किंवा तो केवळ आवरण असतो आणि स्क्रू पिळताना पहिल्याच दिवशी सोलला जातो.

ॲल्युमिनियमचा विषय वेगळा आहे, कारण दिवे टांगण्यासाठी त्याचे पोकळ प्रोफाइल फार सोयीचे असते. ६०६३ मिश्रधातूचे ॲनोडाइज केलेले (पृष्ठभागावर मुद्दाम ऑक्साइडचा जाड थर चढवलेले) प्रोफाइल पाण्यापासून दूर, कॅनोपीच्या छताशी लावले तर बरीच वर्षे टिकते. कापलेल्या टोकांवर आणि भोकांत ॲनोडाइजचा थर नसतो, तिथून पांढरी पूड सुटू लागते, म्हणून ती जागा इपॉक्सीने बंद करावी. त्यात स्टेनलेसचा बोल्ट लावला तर दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम झिजते. क्षाराचा थर पातळ असल्यामुळे ही झीज संपर्काच्या आसपास काही मिलिमीटरपुरती राहते, आणि मोठ्या ॲल्युमिनियममध्ये लहान स्टेनलेस बोल्ट असेल तर ती संथ असते. याच्या उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला ॲल्युमिनियमचे छोटे रिव्हेट मारले तर ते रिव्हेट झपाट्याने संपतात. ही रचना टाळावी. बोल्टाभोवती प्लास्टिकची नळी आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे वॉशर घातले की संपर्क तुटतो, पण वॉशरखाली नवी फट तयार होते. ती वाळताना आम्ल न सोडणारे सिलिकॉन भरून बंद केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मी मानत नाही.

टायटॅनियम हा एकच धातू आहे ज्याविषयी मी निःशंकपणे लिहू शकतो. घरातल्या तापमानाला समुद्राच्या पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही आणि ते पाण्यात काही सोडत नाही. ग्रेड २ पुरेसे आहे. संपूर्ण कॅनोपी त्यात करण्याची गरज नाही, पण पाण्याच्या अगदी जवळ, जिथे प्लास्टिकची ताकद पुरत नाही, अशा दोन-चार बोल्टांसाठी त्याची किंमत मोजावी. त्याचे आटे एकमेकांत सहज अडकतात, म्हणून नट हाताने, सावकाश आणि थोडे सिलिकॉन ग्रीस लावून फिरवावा. स्टेनलेसच्या बाबतीतही हेच लागू आहे.

प्लास्टिकच्या बाबतीत ‘प्लास्टिक आहे, म्हणजे चालेल’ असे समजू नये. नायलॉन पाणी शोषते, पूर्ण भिजल्यावर नायलॉन ६ च्या वजनात ९ टक्क्यांपर्यंत भर पडते, त्यामुळे ते फुगते आणि मऊ पडते. नायलॉनच्या स्क्रूवर झाकण बंद ठेवण्याचा भार चालेल, दिव्याचा भार चालणार नाही. पांढरे नायलॉन अतिनील किरणांनी ठिसूळ होते, काळे अधिक टिकते. ॲसिटल हे कठीण प्लास्टिक एक टक्क्याच्या आसपासच पाणी शोषते, मापात राहते आणि पिनसाठी उत्तम आहे. पॉलिप्रॉपिलीनची घडीची बिजागरी, म्हणजे जिथे पत्राच पातळ करून दुमडलेला असतो, ती हलक्या झाकणासाठी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात पिन नाही, फट नाही आणि गंजण्याजोगे काहीच नाही. एकच अडचण म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला गोंद धरत नाही, त्यामुळे ती बोल्टनेच बसवावी लागते. कॅनोपीचे दार ॲक्रिलिकचे असेल तर ॲक्रिलिकचीच बिजागरी सॉल्व्हंटने जोडता येते, परंतु ॲक्रिलिकचा सपाट पत्रा टाकीवर आडवा ठेवला तर खालच्या बाजूने ओलावा शोषून बाक धरतो, हे ध्यानात ठेवून कडांना उभी पट्टी द्यावी. स्वतः थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांनी पीएलए न वापरता पीईटीजी वापरावे. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि दिव्याच्या जवळ ते तापमान अशक्य नाही.

बिजागरी निवडण्याआधी ती हवीच आहे का, हे पाहावे. चार फुटांच्या कॅनोपीचे पुढचे फळकट खोबणीत सरकणारे किंवा वरून उचलून काढण्याजोगे केले तर बिजागरी, स्प्रिंग आणि आधाराचा हायड्रॉलिक दांडा हे तिन्ही टळतात. हायड्रॉलिक दांड्याचा पॉलिश केलेला पोलादी दट्ट्या खाऱ्या हवेत खरबरीत होतो, सील फाटते आणि त्यातले तेल टाकीवर येऊ शकते, त्यामुळे तो कॅनोपीच्या आत कधीच नसावा. चौकट जोडण्यासाठीही धातूचे अँगल लागत नाहीत. कोपऱ्यांत आतून लाकडी पट्टी घालून जलरोधक गोंदाने किंवा इपॉक्सीने सांधा भरावा, गोंद धरेपर्यंत साधे स्क्रू लावावेत, मग ते काढून टाकावेत आणि भोकांत लाकडी डॉवेल ठोकून वरून इपॉक्सी द्यावे. नीट भरलेला असा सांधा स्क्रूच्या सांध्यापेक्षा कमकुवत नसतो.

बिजागरी लागणारच असेल तर ती मागच्या बाजूला, बाहेरून बसवावी. स्क्रू बाहेरून आत जावेत आणि त्यांची टोके प्लायच्या जाडीतच संपावीत. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये १५ मिलिमीटरचा स्क्रू घ्यावा, म्हणजे आतल्या बाजूला धातू उघडा पडत नाही. प्लायमध्ये स्क्रूचे भोक आधी थोडे मोठे पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरावे आणि वाळल्यावर त्यात नवे लहान भोक पाडावे. त्यामुळे ओलसर लाकूड स्क्रूला टेकत नाही, आणि प्लायच्या थरांत पाणीही शिरत नाही. ३१६ चा स्क्रू पोलादी स्क्रूपेक्षा नरम असतो, तो भोक न पाडता मशीनने दाबून पिळला तर मानेशी तुटतो. पीव्हीसी फोम शीटची कॅनोपी असेल तर स्क्रू धरतच नाही, तिथे आरपार एम४ चा (४ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट आणि बाहेरच्या बाजूला टोपीचा नट हीच रीत योग्य. बोल्टाचा आतला माथा इपॉक्सीच्या थेंबाने पूर्ण झाकावा. हँडलच्या बाबतीत एक गोष्ट सहज निसटते. हँडल बाहेर असते, पण त्याच्या स्क्रूचे माथे दाराच्या आतल्या बाजूला असतात आणि तेच सर्वांत आधी गंजतात. हँडलऐवजी बोटे जातील एवढी खाच कापणे मला अधिक पसंत आहे.

दार मिटून राहावे म्हणून चुंबक लावायचे असल्यास निओडिमियमचे चुंबक उघडे लावू नयेत. त्यांच्यावरचा निकेलचा पातळ थर फुटला की आतला पदार्थ भुकटी होऊन सुटतो. ते लावायचेच तर प्लायमध्ये खाच पाडून, सर्व बाजूंनी इपॉक्सीत बुडवून, वर पातळ पीव्हीसी पट्टी लावून बसवावेत. काळे फेराइट चुंबक कमी जोराचे असतात, पण मुळातच ऑक्साइडचे बनलेले असल्यामुळे त्यांना गंज लागत नाही. हलक्या दारासाठी तेच घ्यावेत, आणि समोर लोखंडी पट्टीऐवजी दुसरा फेराइट चुंबकच ठेवावा.

दिवे टांगण्याच्या बाबतीत माझा आग्रह सर्वांत कडक आहे. १९८५ साली स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे पोहण्याच्या बंदिस्त तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मरण पावले. ते छत तोलणाऱ्या स्टेनलेसच्या सळया क्लोराइडच्या वातावरणात ताणाखाली तडकल्या होत्या, आणि त्या छताच्या वर दृष्टीआड असल्यामुळे कोणाला दिसल्या नव्हत्या. तलावातल्या क्लोरीनयुक्त वाफा आपल्या टाकीवरच्या हवेपेक्षा अधिक आक्रमक असतात, त्यामुळे दोन्हींची थेट बरोबरी करता येणार नाही. तरीही कायम ताणाखाली असलेले, न धुतले जाणारे आणि न दिसणारे स्टेनलेस यांवर जड वस्तू सोडू नये, हा नियम घरातही तितकाच खरा आहे. स्टेनलेसच्या बारीक तारांच्या दोरात प्रत्येक दोन तारांमध्ये एक फट असते, आणि ती आतून झिजून एके दिवशी तुटते. दिवा जर पाण्यात पडला तर प्रश्न प्रवाळांपुरता राहत नाही. म्हणून दिव्याचा भार कॅनोपीच्या बाहेर भिंतीला किंवा स्टँडला जोडलेल्या दांड्यावर घ्यावा. आत टांगायचाच असेल तर दोन स्वतंत्र आधार द्यावेत, त्यातला एक तुटला तरी दुसरा दिवा धरून ठेवील असे, आणि टाकीच्या विजेच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी. ड्रायव्हर, ॲडॉप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड आत ठेवू नयेत. पंखे १२ व्होल्टचे घ्यावेत आणि ते बाहेरची हवा आत ढकलतील अशा दिशेने लावावेत, म्हणजे त्यांच्या मोटरमधून खारी हवा जाण्याऐवजी खोलीतली तुलनेने कोरडी हवा जाते.

सिलिकॉनविषयी एक खुलासा. टाक्यांच्या काचा जोडण्यासाठी जे सिलिकॉन वापरतात ते बहुतेक वेळा वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. काचेसाठी ते उत्तम आहे, पण त्याखाली धातू बंद केला तर ते आम्ल धातूवर काम करते. बोल्टाचे माथे आणि वॉशरखालच्या फटी यांसाठी न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन घ्यावे.

तुमच्या आत्ताच्या कॅनोपीपुरते पाहिले तर संपूर्ण पेटी मोडण्याची गरज नाही. ओव्हरफ्लोच्या बाजूची बिजागरी आधी काढावी, कारण तिथे थेंब सर्वाधिक उडतात, मग उरलेल्या काढाव्यात, आणि काम करताना खाली पाण्यावर प्लास्टिकची शीट पसरावी, म्हणजे गंजाचे खवले आत पडणार नाहीत. जुनी भोके ड्रिलने स्वच्छ करून, दोन-तीन दिवस वाळू देऊन, इपॉक्सीने भरावीत. नव्या ३१६ च्या बिजागऱ्या मागच्या बाजूला बाहेरून लावाव्यात, किंवा पुढचे फळकट उचलून काढण्याजोगे करावे. तुमच्या वर्णनावरून मी दुसरा पर्याय निवडला असता. इपॉक्सी पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या मुदतीइतके दिवस, कॅनोपी टाकीपासून दूर ठेवावी.

त्यानंतर दर आठवड्याला आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आतला भाग, बिजागरीचे सांधे आणि दिव्याचे आधार पुसावेत. स्टेनलेसचे आयुष्य वाढवण्याचा याहून परिणामकारक उपाय मला माहीत नाही, आणि त्यासाठी ब्लीच किंवा क्लोरीनयुक्त क्लीनर कधीही वापरू नये. पिनवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरतो. बिजागऱ्या काढताना एखादी आतून पिवळसर, म्हणजे मुलामा दिलेली पितळी निघाली, तर मात्र पाण्यातील तांबे तपासून घ्यावे. ते कोळंबी किंवा नवे प्रवाळ आणण्याआधी करावे, आणि तांबे आढळल्यास पाणी बदलण्यासोबत तांबे शोषणारे रेझिन फिल्टरमध्ये काही आठवडे ठेवून पुन्हा तपासणी करावी.